नाव छापसान काय?

अमरावतीच्या राजकमल चौकात आणि अकोल्याच्या गांधी रोडवर एकेक फलक लावावा, असं बरेच दिवस मनात आहे. मजकूर साधा: 'आपली प्रेमकथा लिहून पाठवा. खरी पाहिजे, स्वतःची पाहिजे.' वाढदिवसाच्या शुभेच्छा, भावी नगरसेवक आणि दुःखद निधन यांच्या गर्दीत तो फलक जरा बावळट दिसेल, पण वाचला जाईल. पुढं काय होईल तेही दिसतं. एक फटफटी थांबेल. मागं बसलेला उतरून मोठ्यानं वाचेल. चार माणसं जमतील आणि पहिला प्रश्न येईल, "नाव छापसान काय?" दुसरा, "पैसे किती भेटते?" तिसरा प्रश्न जातीचा, तो कोणी विचारणार नाही, पण असेल सगळ्यांच्या मनात. आणि मग एक जण पुढं येऊन, आवाज बारीक करून म्हणेल, "माह्या गावातल्या एकाची आहे ना भाऊ. सांगू काय?"

अडचण तिथंच आहे.

प्रेमकथेच्या बाबतीत वऱ्हाडी माणूस कंजूष नाही. पानठेल्यावर उभ्या उभ्या तो तुम्हाला सांगेल की कोणाची पोरगी कोणाबरोबर गेली, कोणत्या गाडीनं गेली, बडनेऱ्याच्या फलाटावर त्यांना कोणी पाहिलं, पुण्यात कुठं खोली केली आणि तीन वर्षांनी नातवाचं तोंड पाहून बुढा कसा पाघळला. इतका तपशील पंचनाम्यातही नसतो. मग त्याला त्याची स्वतःची गोष्ट विचारा. "आमचं काय, मायबापानं पाहेलं, आपुन केलं." संपली कथा. तीस वर्षांचा संसार, दोन लेकरं, एक घर, आणि निवेदन सहा शब्दांत.

अमरावतीच्या आणि अकोल्याच्या माणसात तसा फरक आहे. अमरावतीचा माणूस प्रेमावर बोला म्हटलं तर अध्यक्षीय भाषण करील. अकोल्याचा कापसाच्या गंजीवर वाढलेला, तो आधी भाव विचारील. पण स्वतःवर आलं की दोघेही सारखेच मुके. तरुण पोरं जरा बरी, ती निदान स्टेटस ठेवतात. पण तेही उसनं. १९३२ साली अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांनी गझला लिहून ठेवल्या आणि पुढच्या दोन-तीन पिढ्यांची सोय केली. शेर भटांचा, फोटो फिल्टर मारलेला, संगीत 'सैराट'चं. त्यात पोराचं स्वतःचं काय, तर मोबाइल, आणि तोही हप्त्यावरचा.

याच मुलखात २०२० च्या फेब्रुवारीत एक गोष्ट घडली. व्हॅलेंटाइन डेच्या तोंडावर चांदूर रेल्वेच्या एका महिला महाविद्यालयातल्या मुलींनी शपथ घेतली की आम्ही प्रेमात पडणार नाही, प्रेमविवाह करणार नाही आणि हुंडा घेणाऱ्याशी लग्नही करणार नाही. बातमी देशभर गेली. हुंड्याचा भाग चांगलाच होता, त्याबद्दल टाळ्या. दिवसही वाईट होते. हिंगणघाटच्या भर रस्त्यावर एका तरुण प्राध्यापिकेला पेटवून दिल्याला दोन आठवडेही झाले नव्हते, आणि प्रत्येक पोरीच्या बापाच्या पोटात गोळा होता. तेव्हा शपथ देणाऱ्यांच्या मनात काळजी असणार, हे मी मान्य करतो. पण 'पोरायले कोणती शपथ देल्ली?' हा प्रश्न तेव्हा बऱ्याच जणांनी विचारला, आणि तो बिनतोड होता.

मला मात्र त्या बातमीत नकाशा दिसला. चांदूर रेल्वेच्या शेजारचा तालुका तिवसा. त्या तालुक्यात वर्धा नदीच्या काठावर कौंडण्यपूर. म्हणजे रुक्मिणीचं माहेर. ज्या पोरीनं अख्ख्या भारतवर्षाला प्रेमपत्र कसं लिहावं ते शिकवलं, तिच्या शेजारच्या तालुक्यात ही शपथ!

रुक्मिणीचं पत्र भागवताच्या दशम स्कंधात आहे. सात श्लोक. मी ते अनेकदा वाचलंय आणि दर वेळी त्या पोरीच्या डोक्याचं कौतुक वाटतं. तिनं कृष्णाला पाहिलेलंही नाही. येणाऱ्या-जाणाऱ्यांकडून ऐकलंय फक्त. म्हणजे प्रेम झालं ते गावगप्पांवर, अगदी आपल्या पद्धतीनं. पण पत्र लिहिताना गावगप्पांचा मागमूस नाही. आधी ती सांगते की तुझे गुण ऐकले आणि मन लाज सोडून तुझ्याकडं गेलं. मग सांगते की मी तुला वरलंय, घरच्यांनी ठरवलेल्या शिशुपालाचा हात मला लागू देऊ नकोस. आणि मग पोरगी एकदम कामाला लागते. तू म्हणशील, अंतःपुरातल्या मुलीला तिच्या भाऊबंदांना न मारता कसं न्यावं? तर उपाय सांगते. लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्याकडं कुळदेवीची मोठी यात्रा असते, नवरी गावाबाहेर देवीच्या दर्शनाला जाते, तिथं ये. दिवस, जागा, निमित्त, सगळं ठरलेलं. शेवटी धमकीही आहे, की नाही आलास तर जीव देईन, आणि शंभर जन्म लागले तरी तुलाच मिळवीन. आजच्या एखाद्या पोराला असं पत्र आलं तर तो आधी आईला विचारील.

निरोप घेऊन गेला एक ब्राह्मण. मराठी परंपरा त्याला सुदेव म्हणते. कृष्ण द्वारकेहून निघाला आणि एका रात्रीत विदर्भात पोचला. समृद्धी महामार्ग तेव्हा नव्हता. ज्या देवीच्या देवळातून त्यानं रुक्मिणीला रथात घेतलं ती अमरावतीची अंबादेवी, असं आम्ही मानतो. कौंडण्यपुरापासून अंबादेवीपर्यंत भुयार होतं असंही सांगतात. रुक्मिणी आमचीच, असं अरुणाचलातले लोकही म्हणतात. तिकडं भीष्मकनगर आहे आणि गुजरातेत माधवपूरच्या जत्रेत हे लग्न दर वर्षी लागतं. म्हणोत बापडे. चांगल्या पोरीला सगळेच आपली म्हणतात. शपथ मात्र आमच्याकडं.

या कथेतला माझा आवडता माणूस म्हणजे तिचा भाऊ रुक्मी. बहीण पळाली तर गावात तोंड कसं दाखवू, हा आजही तालुक्या-तालुक्यात विचारला जाणारा प्रश्न पहिल्यांदा त्याला पडला. तो कृष्णाच्या मागं धावला, हरला, आणि कृष्णानं त्याला त्याच्याच वस्त्रानं बांधून अर्धेमुर्धे केस आणि मिशा भादरल्या. बलरामानं त्याला सोडवलं आणि धाकट्या भावाला झापलं, की मेव्हण्याशी असं वागतात काय. बहिणीला परत आणल्याशिवाय कुंडिनपुरात, म्हणजे कौंडण्यपुरात, पाय ठेवणार नाही अशी प्रतिज्ञा रुक्मीनं केली होती, म्हणून त्यानं दुसरं गाव वसवलं, भोजकट. ते म्हणजे अमरावतीजवळचं भातकुली, अशी आमच्याकडची समजूत. एका रुसलेल्या मेव्हण्यामुळं आम्हाला तालुक्याचं ठिकाण मिळालं, हे भाग्य किती जिल्ह्यांना आहे?

आणि गंमत पुढंच आहे. याच रुक्मीच्या मुलीनं रुक्मिणीच्या मुलाला, प्रद्युम्नाला वरलं. पुढं नातीचं लग्नही रुक्मिणीच्या नातवाशी, अनिरुद्धाशी झालं. बहिणीवरचा राग दोन पिढ्यांत सोयरिकीत विरला. मग ते लग्न लागल्यावर सोंगट्यांचा डाव मांडला गेला, शब्दानं शब्द वाढला आणि बलरामानं रुक्मीला तिथंच ठार केलं. वऱ्हाडातल्या लग्नात मानपानावरून भांडणं होतात म्हणून नाकं मुरडणाऱ्यांनी ही परंपरा किती जुनी आहे ते पाहावं.

आता या कथेचं आम्ही काय केलं? एकनाथांनी १५७१ साली काशीत 'रुक्मिणी स्वयंवर' पूर्ण केलं, अठरा प्रसंग, १७१२ ओव्या. मुलीचं लग्न जमत नसेल तर तिच्याकडून याच ग्रंथाचं पारायण करून घ्यायचं, ही महाराष्ट्रभरची रीत. आई देवघरात पाट मांडते, मुलगी रोज बसून वाचते की नवरीनं घरच्यांनी ठरवलेलं स्थळ कसं नाकारलं, चोरून पत्र कसं पाठवलं आणि देवळातून कशी पळाली. आणि पारायण संपलं की पुण्याचा इंजिनिअर पाहायला येतो. पोथी वाचताना मुलीच्या मनात काय चाललंय ते कोणी विचारत नाही. खरं म्हणजे माझा फलक सगळ्यात आधी अशा मुलींसाठी आहे.

एकनाथांच्याही आधी, शके १२१४ मध्ये, म्हणजे १२९२ साली, नरेंद्र कवीनं 'रुक्मिणी स्वयंवर' रचलं. रामदेवराव यादवाला ते इतकं आवडलं की त्यानं एकेका ओवीला एकेक सोन्याचं नाणं देऊ केलं, अट एकच, ग्रंथावर नाव राजाचं घालायचं. नरेंद्रानं नाकारलं, अशी महानुभाव परंपरा सांगते. अपुरी प्रत घेऊन तो निघाला आणि महानुभाव पंथात गेला. म्हणून आज हातात आठशे एकोणऐंशी ओव्याच आहेत. 'नाव छापसान काय' या प्रश्नाला हे सगळ्यात जुनं उत्तर: छापीन तर माझंच. महानुभावांचं रिद्धपूर आमच्याच जिल्ह्यात, मोर्शी तालुक्यात. तिथंच त्यांच्या गुरूंना, गोविंदप्रभूंना, लग्नाची लहर आली तेव्हा महदाइसेनं धवळे, म्हणजे लग्नगीतं, गायिले. मराठीतली पहिली कवयित्री ती. आता त्या गावात मराठी भाषेचं विद्यापीठ आलंय. धवळे कोणाच्या लग्नाचे? रुक्मिणीच्याच. महदाइसा स्वतः लहानपणीच विधवा झालेली. तिनं रुक्मिणीच्या अंगणातला मांडव गायिला, स्वतःचा नाही.

रुक्मिणीच्या कथेवर एवढं लिहिलं गेलं, पण तिचं स्वतःचं म्हणून जे आहे ते ते एक पत्र. बाकी सगळं दुसऱ्यांनी सांगितलेलं. तसं पाहिलं तर विदर्भाच्या पोरींचं नशीबच असं. दमयंती आमचीच, कुंडिनपूरचीच. अजाची इंदुमती आमची, अग्निमित्राची मालविका आमची, अगस्त्यांची लोपामुद्राही परंपरेनं विदर्भाच्या राजाचीच लेक. संस्कृत साहित्याची निम्मी सासुरवाडी विदर्भात आहे. जावई मोठमोठे मिळाले, कवी त्याहून मोठे मिळाले. पोरींना मात्र कोणी विचारलं नाही, की बाई, तूच सांग ना कसं झालं.

लोकांकडून प्रेमाच्या गोष्टी गोळा करायची कल्पना माझी नाही, हेही सांगून टाकतो. महाराष्ट्रात हे काम हाल सातवाहनानं करून ठेवलंय. त्याच्या 'गाथासप्तशती'त सुरुवातीलाच म्हटलंय की एका कोटीतून या सातशे निवडल्या. कोटीचा आकडा संपादकाच्या कण्हण्याचा असावा. टेबलावर ढीग पाहिला की मलाही तसाच दिसतो. पण त्या सातशेत राजवाडे फार नाहीत. शेतकरी आहेत, नांगर हाकणारे आहेत, प्रवासाला गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणाऱ्या बायका आहेत, आणि पीक कापलं गेलं म्हणून मनातल्या मनात हळहळणाऱ्या पोरीही आहेत, कारण पिकासोबत भेटायची जागा गेली. वऱ्हाडात हे कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. तूर डोक्याएवढी होते. तुरी सोंगल्या की कितीतरी गोष्टी उघड्यावर येतात. कृषी विद्यापीठ अकोल्यात १९६९ पासून आहे. उत्पन्नासाठी बुटकी तूर बरी की उंच, यावर तिथं विचार झाला असेलच, पण हा मुद्दा कोणी मांडला नसावा.

फलक लावला तर काय काय येईल याचा अंदाज बांधायला मला आवडतं. अपडाऊनवाल्यांच्या गोष्टी भरपूर येतील. बडनेरा ते अकोला, मध्ये मूर्तिजापूर. पासवाल्यांचा डबा ठरलेला, खिडकी ठरलेली, आणि ती कुठं चढणार तेही ठरलेलं. काही जण बदली झाली तेव्हाच बोलले, तोवर गाडी लेट व्हावी एवढंच मागत राहिले. उन्हाळ्याच्या गोष्टी अकोल्याहून येतील. मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की तिथं प्रत्येक मुलगी गाडीवर निघताना स्कार्फ असा गुंडाळते की सख्खा काका समोरून गेला तरी ओळखणार नाही. उन्हाच्या नावानं सगळेच बोटं मोडतात, पण अकोल्यातल्या प्रेमाची त्यानं केलेली सोय कोणी मोजत नाही. अमरावतीहून छत्री तलावाच्या आणि वडाळी तलावाच्या गोष्टी येतील, आणि त्या सगळ्यांत गिला वडा असेल. दोघांत एक प्लेट, दही जास्त.

अचलपूर-परतवाड्याकडून शकुंतलेच्या गोष्टी आल्या तर मी आधी त्या वाचीन. अकोला जिल्ह्यातल्या मूर्तिजापूरहून एकीकडं अचलपूर आणि दुसरीकडं यवतमाळ गाठणारी ती अरुंद रुळांची गाडी. १९२१ साली मँचेस्टरला बनलेल्या वाफेच्या इंजिनानं तिला १९९४ पर्यंत ओढलं. चालत्या गाडीतून उतरावं, बोरं तोडावी आणि पुढच्या डब्यात चढावं, अशी तिची ख्याती. तिच्या वेगात दोन माणसांची ओळख होऊन, भांडण होऊन, समेटही व्हायचा. कालिदासाच्या शकुंतलेला राजा विसरला आणि आमच्या शकुंतलेला रेल्वे. तिचं रुंदीकरण होणार असं ऐकत ऐकत पोरांची लग्नं झाली.

काही गोष्टी मात्र मी परत पाठवीन. चिखलदऱ्याला सगळे फिरायला जातात, पण नावाकडं कोणी पाहत नाही. द्रौपदीच्या मागं लागलेल्या कीचकाला भीमानं मारून तिथल्या दरीत टाकलं, म्हणून कीचकदरा, अशी आख्यायिका. 'मी तिच्यावर प्रेम करत होतो, तिनं नाही म्हटलं, तरी मी सोडलं नाही' अशी गोष्ट कोणी अभिमानानं लिहून पाठवली, तर तिच्यावर 'चिखलदरा' असा शेरा मारून परत. नाही म्हटल्यावर जो थांबला, वावरात जाऊन चार दिवस जेवला नाही आणि नंतर तिच्या लग्नात पंगत वाढली, त्याची गोष्ट पहिल्या पानावर.

लग्नच जमलं नाही, अशाही गोष्टी येतील, आणि आजकाल त्या पोरांच्या जास्त असतील. शेती आहे, ट्रॅक्टर आहे, पोरगा निर्व्यसनी आहे, पण शेतकऱ्याला पोरगी द्यायला कोणी तयार नाही. पोरीचा बाप स्वतः शेतकरी असला तरी. साक्षगंधापर्यंत गेलेलं स्थळ शिपायाच्या नोकरीपुढं मोडतं. या पोरांनी प्रेमकथा काय लिहावी? मला वाटतं, त्यांनीच लिहावी. कोणा मुलीचा फोटो आईनं दाखवला आणि तो आठ दिवस खिशात राहिला, एवढी जरी असली तरी.

सरकार या बाबतीत आपल्यापेक्षा पुढं आहे. विशेष विवाह कायदा १९५४ चा. त्याखाली लग्न करायचं तर तीस दिवस आधी नोटीस द्यायची आणि विवाह अधिकारी ती कार्यालयात ठळक जागी लावणार. नावं, वयं, व्यवसाय, पत्ते, सगळं. म्हणजे माझ्या मनातला फलक सरकारनं सत्तर वर्षांपूर्वीच लावलाय, फक्त तिथं गोष्ट वाचायला पहिल्यांदा येतात ते हरकत घेणारे. दुसरं उदाहरण जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाचं. आंतरजातीय लग्न करणाऱ्या जोडप्याला पन्नास हजार रुपयांची मदत मिळते; त्यासाठी जातीचे दाखले, शाळा सोडल्याचे दाखले, दोघांचा एकत्र फोटो आणि दोन प्रतिष्ठित व्यक्तींची शिफारसपत्रं. प्रेमासाठी घरदार सोडून आलेल्या जोडप्यानं गावातल्या दोन प्रतिष्ठितांना गाठून 'यांचं लग्न खरं आहे' असं लिहून घ्यायचं. त्या अर्जांच्या गठ्ठ्यात किती कादंबऱ्या बांधून पडल्या असतील, लाल फीत लावून.

डॉ. पंजाबराव देशमुखांची गोष्टही अशीच बांधून पडली आहे. १९२७ च्या नोव्हेंबरात अंबादेवीचं देऊळ अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून अमरावतीत परिषद भरली; अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते आणि त्या चळवळीत पंजाबराव पुढं होते. जिथून रुक्मिणी गेली असं आम्ही म्हणतो, त्याच देवळाचं दार. त्याच वर्षी पापळ गावच्या शेतकऱ्याच्या या पोरानं, जो ऑक्सफर्डहून वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर डॉक्टरेट घेऊन आला होता, सोनार समाजातल्या विमलाबाई वैद्यांशी मुंबईत लग्न केलं. विमलाबाई पुढं राज्यसभेत गेल्या. आम्ही भाषणांत हे 'आंतरजातीय विवाह करून आदर्श घालून दिला' असं एका दमात सांगतो आणि त्यांच्या शिक्षणसंस्थेकडं वळतो. आदर्श घालायला कोणी लग्न करत नाही हो. शंभर वर्षांपूर्वी त्या दोघांत पहिलं बोलणं काय झालं असेल, कोणाच्या घरात किती दिवस चूल नीट पेटली नसेल, हे लिहिलेलं असतं तर आजच्या चार पोरापोरींना आदर्शापेक्षा जास्त उपयोगी पडलं असतं.

ठरवून झालेल्या लग्नांनी मागं राहायचं कारण नाही. दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातल्या एका आजींना मी विचारलं होतं.

"आजी, तुमचं कसं जमलं?"

"काय जमते बाप्पा! साक्षगंधात पाय पाहेले फक्त त्यायचे. वर पाहाची हिंमत कोनाची."

"मग प्रेम कधी झालं?"

"कायचं प्रेम! थे तुमच्या पिक्चरमधी."

मग जरा वेळानं त्यांनी आपण होऊनच सांगितलं. पहिलं लेकरू झालं आणि त्यांना ताप धरला. गावातलं पाणी खारं, गोडं पाणी लांबच्या विहिरीवर, आणि पाणी भरणं हे बाईचं काम. पुरुषानं डोक्यावर हंडा घेतला तर गाव हसेल. तर नवरा पहाटे चारला उठून, अंधारातच हंडे भरून आणायचा आणि परत येऊन झोपल्याचं सोंग घ्यायचा. आजींनी एकदा विचारलं, कोठी गेलते? तर म्हणे, झोप येत नवती. हे सांगताना आजी हसल्या नाहीत, लाजल्याही नाहीत. फक्त मला विचारलं, "याले प्रेम म्हन्तेत काय रे?"

अशी गोष्ट फक्त त्याच सांगू शकतात. पानठेल्यावर हिची खबरच नाही, कारण पहाटे चारला पानठेला बंद असतो.

भांडणं गाळू नयेत, हीही विनंती आहे. प्रेमकथा लग्नाच्या मांडवात संपवायची खोड सिनेमानं लावली. रुक्मिणीची तिथं संपली नाही. राधेवरून बिनसलं, ती रुसली आणि दिंडीरवनात जाऊन बसली. देव समजूत काढायला मागोमाग आला, पुंडलिकापाशी विटेवर थांबला, आणि आजही पंढरपुरात दोघांची देवळं वेगळी. कौंडण्यपूरहून दर वर्षी रुक्मिणीची पालखी आषाढीला पंढरपूरला जाते. १५९४ पासून जाते असं सांगतात. माहेरची माणसं चारशे वर्षं पायी चालत येऊन विचारतात की पोरगी बरी आहे ना. पत्र, पळून जाणं, भावाचा राग, नवऱ्यावरचा रुसवा आणि माहेरची चौकशी, सगळं आल्यावर ती कथा पूर्ण होते.

तेव्हा लिहा. दोन पानं पुष्कळ झाली. रुक्मिणीनं सात श्लोकांत आटोपलं होतं. संस्कृत पंडितांनी गोड, सोप्या, लांबलचक समास टाळणाऱ्या लेखनाला वैदर्भी रीती असं नाव दिलंय, म्हणजे आपल्या मुलखाची तेवढी पत आहे. ती 'प्रेमाच्या अथांग महासागरात' वगैरे लिहून घालवू नका. माणसांची नावं बदला, गावाचं बदलू नका. बोलणं जसं झालं तसंच लिहा, पुणेरी करू नका; 'मले तू आवडते' असं ती बोलली असेल तर 'मला तू आवडतोस' असं सुधारू नका. दुसऱ्याची गोष्ट पाठवू नका, ती आम्हाला आधीच माहीत आहे. आणि पाठवायच्या आधी घरच्या माणसाला एकदा वाचून दाखवा. त्या माणसाचं म्हणणं वेगळं निघालं, की असं काही झालंच नव्हतं, तर खोडाखोड न करता त्यालाही लिहायला सांगा आणि दोन्ही एकाच पाकिटात घाला. दोन्ही छापू.